प्रमोदिनीचा पहिला घट

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यातला नवऱ्याबरोबरचा संसार होता साडेतीन महिन्यांचा. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण साठ-एकसष्टच्या सुमाराला त्यात नवल नव्हतं. मुलगा धाराशिवला कचेरीत कारकून, दोन वेळा खानावळीत गिळतोय, आणि सून भूमला सासरी भाकरी थापतेय, अशी घरं पैशाला पासरी होती. प्रमोदिनी अशाच एका घरातली धाकटी सून. मार्तंड महिन्या-दोन महिन्यांनी एस.टी.नं यायचा, वडिलांशी बोलायचा, थोरल्या भावाशी बोलायचा, आईजवळ बसायचा, आणि बायकोकडं काय, तर प्यायला पाणी मागायचा. तेवढ्यावर तिनं पुढचे दोन महिने काढायचे.

मग खानावळीच्या आमटीनं मार्तंडच्या पोटाची पार वाट लावली. त्या आमटीचे उपकार मानावेत तेवढे थोडे. आषाढात घरी आला तो इतका वाळून आला, की सासरे विष्णुपंत सकाळी चहा घेता घेता म्हणाले, सूनबाईला घेऊन जा, दोन घास घरचे तरी मिळतील. आता सासऱ्यांनी सांगितलं म्हणजे झालं, असं तुम्हाला वाटेल. त्या घरात तसं नव्हतं. विष्णुपंत बोलायचे आणि शांताक्का ठरवायच्या. सासूला सगळं घर अक्का म्हणायचं, सुनाही अक्काच म्हणायच्या. अक्कांनी तोंडातली कुटलेली सुपारी या गालातून त्या गालात घेतली आणि अट घातली.

"जा. पण चूल वेगळी म्हणजे देव वेगळे, आणि देव वेगळे म्हणजे घट वेगळा. नवरात्रात तिथं घट बसव. सातव्या माळेला मी तुळजापूरला जाताना उतरून बघीन. उगवला तर देवीची मर्जी समजू. नाही उगवला, तर दिवाळी झाली की बिऱ्हाड मोडून परत यायचं."

यावर कोण काय बोलणार? देवीचं नाव मधे आलं की त्या घरात विष्णुपंतसुद्धा चष्मा पुसत बसायचे. प्रमोदिनीनं मान हलवली. निघताना अक्कांनी घरच्या पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली, अर्धं पोतं ज्वारी एस.टी.च्या टपावर चढवून दिली आणि दुसरीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. निरोपाचं एक अक्षर नाही. म्हातारीला आपलं जाणं खुपतंय, आपण सुखात राहिलेलं हिला बघवत नाही, असं प्रमोदिनीच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

धाराशिवचं बिऱ्हाड म्हणजे दोन खोल्या. खाली शहाबादी फरशी, मागं दुसऱ्याची भिंत, आणि अंगण म्हणायचं तर समोरचा रस्ता. पण प्रमोदिनीला ते इंद्राचं राज्य वाटलं. मार्तंड कचेरीतून आला की सायकल आत घेता घेता "आज काय केलंयस?" म्हणून विचारायचा. एवढ्याशा वाक्यावर तिचा दिवस तरून जायचा. चार वर्षं त्यानं तिला काही विचारलंच नव्हतं, विचारायला जागाच नव्हती. आता पोट सुधारलं, गालावर मांस आलं, संध्याकाळी दोघं मिळून शेंगा फोडत बसायची. हे सगळं दिवाळीनंतर मोडायचं की राहायचं, ते एका परातीतल्या मातीवर अडलं होतं.

आणि गंमत अशी, की या बाईनं जन्मात कधी काही पेरलं नव्हतं. माहेर तुळजापूरचं, वडील मास्तर. माहेरी घट आजी बसवायची, आणि मुलींनी जवळ जायचं नाही, परकर लागून दिवा विझेल. सासरी तो मान अक्कांचा आणि त्यांच्या हाताखाली थोरल्या जावेचा, विमलचा. प्रमोदिनीच्या वाट्याला आलं ते लांबून हात जोडणं. घट मधोमध ठेवायचा, भोवती माती, मातीत धान, वर रोज एक माळ, शेजारी नऊ दिवस न विझणारा दिवा, एवढं तिला पाठ होतं. पण माती केवढी, पाणी किती, बी किती खोल, हे तिला कोण सांगणार? विचारावं तर अक्कांपर्यंत जाणार.

माती मार्तंडनं आणली. कचेरीच्या माळ्याला गोड बोलून त्यानं ती फायलींच्या पिशवीतून आणली, आणि दुसऱ्या दिवशी साहेबापुढं ठेवलेल्या कागदांतून माती सांडली, त्यावरून बोलणीही खाल्ली. तरी गडी खूश होता. प्रमोदिनीनं माती चाळली, परातीत पसरली. धान कुठलं, हा प्रश्नच नव्हता. त्या घराण्याचा कुळाचार असा, की घटाला घरच्या रानातलीच ज्वारी, विकतचं धान चालत नाही. तिनं पोत्यातून दोन मुठी ज्वारी निवडून निवडून काढली, किडका दाणा म्हणून ठेवला नाही, हात जोडले आणि पेरली. पहिली माळ चढली, दिवा लागला. नऊ दिवसांचे उपास तिनं त्याच सकाळी धरले.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी उगवणार नाही हे तिला माहीत होतं, तरी तिनं वीस वेळा वाकून पाहिलं. पाणी कमी पडलं असेल म्हणून घातलं, मग जास्त झालं असेल म्हणून फडक्यानं टिपलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्यानं राहवेना. घट बसल्यावर हात लावू नये, हे शेंबडं पोरही सांगेल, पण तिनं करंगळीनं कडेची माती उकरली. दाणा फुगला होता. मोड नव्हता. दुसरा काढला, तिसरा काढला. नखात धरला तर बुळबुळीत लागला आणि आंबूस वास आला.

ती तिथंच फरशीवर बसून राहिली. सातव्या माळेला चार दिवस होते. देवी नको म्हणतेय, याहून वेगळा विचार तिच्या डोक्यात येईना. आपण चार वर्षांत मनातल्या मनात अक्कांना काय काय बोललो, ते सगळं तिला आठवायला लागलं. त्या दुपारपासून तिनं उपासाचं दाण्याचं कूटही तोंडात घातलं नाही, आणि पाणीसुद्धा घोटभराच्या वर घेतलं नाही. पाणी परातीला चालत नाही तर कोंब दिसेपर्यंत मला तरी कशाला, असं काहीतरी खुळं तिच्या मनात बसलं.

अशा वेळी आली गजराबाई. शेजारच्या खोलीतली, कचेरीतल्या गोरोबा शिपायाची बायको. मूळची ईट गावची, शेतात वाढलेली, आवाज असा की पलीकडच्या आळीतली कुत्री जागी व्हावीत. नवरात्रात बायका एकमेकींचा घट बघून येतात, तशी ही आली, आणि सोवळ्याचं घर म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. तिच्या घरच्या टोपल्यात तिसऱ्याच दिवशी पिवळे कोंब बोटभर वर आले होते. प्रमोदिनीचं तोंड बघून तिला काय ते कळलं. तिनं पोत्यातल्या ज्वारीचे चार दाणे बाहेर मागितले, एक दाढेखाली धरून फोडला, आणि दुसरा नाकाशी नेला.

"पेवातली हाय व्हय ही?"

प्रमोदिनी म्हणाली, हो, घरच्या पेवातली, अक्कांनी स्वतः दिलेली.

"मग कशी उगवंल, बाई? पेवात धान उबतंय. खायाला लई गोड, पन बी म्हून मेल्यालं असतंय. बियाची ज्वारी आमी कणसासकट आढ्याला टांगतो. देवीनं काय केलं न्हाय ह्यात, उगं तिला बोल लावू नका."

हे ऐकून प्रमोदिनीला रडू फुटलं. खरं तर हसायला हवं होतं. मास्तरांच्या लेकीला गणितातले अपूर्णांक येत होते, पण पेवातलं धान पेरायचं नसतं, एवढं माहीत नव्हतं. दोष तिचा नाही. ज्यानं कधी पेरलं नाही, त्यानं हीच चूक करायची. तिला एकीकडं सुटल्यासारखं वाटलं आणि दुसरीकडं नवी धास्ती पडली. घरची ज्वारी होती ती मेलेली, आणि घरच्याशिवाय दुसरी चालत नाही. मग आता?

संध्याकाळी मार्तंडनं शहाणपणा काढला. गजराबाईंच्या टोपल्यातले चार कोंब उपटून आपल्या परातीत लावून टाक, म्हणाला, कोण बघायला येतंय. पुरुषांना असले उपाय पटकन सुचतात. प्रमोदिनीनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो चपला घालून बाहेर निघून गेला. दुसऱ्याच्या घटातलं उपटून आणायचं, म्हणजे त्या घरचं वर्ष उपटून आणायचं. ते तिला जमणार नव्हतं, आणि गजराबाईच्या कानावर गेलं असतं तर मार्तंडची धडगत नव्हती.

पण दाणे मागायला काय हरकत आहे? धानाला कसला विटाळ? रात्रभर विचार करून प्रमोदिनीनं ठरवलं, की कुळाचार मोडला तर मोडला, देवीला आपण हात जोडून सांगू. देवीची भीती तिला तेवढी वाटत नव्हती. अक्कांची वाटत होती. चौथ्या दिवशी उजाडताच तिनं गजराबाईकडून ओंजळभर बियाणाची ज्वारी घेतली. गजराबाईनं ती आदल्या संध्याकाळीच भिजत घातली होती. शेजारीण मागायला येणार हे तिला आधीच कळलं होतं, असली ती बाई.

मग गजराबाईनं उंबऱ्याबाहेर बसून सांगायचं आणि प्रमोदिनीनं आत करायचं, असं चाललं. भिजलेली ज्वारी ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवली. संध्याकाळी गाठ सोडली तर दाण्यांना पांढरी नाकं फुटली होती. घट हलवायचा नाही, म्हणून तिनं वरची आंबलेली माती नुसत्या बोटांनी अलगद काढली, मोड आलेले दाणे पसरले आणि वर सुकी माती चाळणीनं भुरभुरली. पाणी ओंजळभर, सकाळी एकदाच, आणि तेही कडेकडेनं. "लेकरावानी सारखं सारखं पाजू नका," गजराबाईनं दम दिला.

सहाव्या दिवशी सकाळी परातीत सुईसारखे कोंब उभे होते. प्रमोदिनीनं मार्तंडला हाका मारून मारून उठवलं. तो बिचारा डोळे चोळत आला आणि परातीपुढं बसला, आणि मग दोघंही नुसती बघत राहिली. घरात, फरशीवर, उजेड नाही वारा नाही, आणि तिच्या हातून काहीतरी उगवलं होतं. तिला इतका आनंद झाला की ती तीन दिवसांनी पोटभर पाणी प्यायली.

पण आनंदाला किती वेळ? सातव्या माळेचं धान कसं असतं, वीतभर. हे होतं जेमतेम दोन बोटं. अक्कांनी चाळीस वर्षं घट पाहिलेले. मार्तंडनं पुन्हा उपाय काढला, यंदा हवेत गारवा आहे म्हणून उशीर झाला, असं सांग. हे वाक्य प्रमोदिनीनं भांडी घासताना दहा वेळा म्हणून पाहिलं.

सातव्या दिवशी मार्तंडनं आईला स्टँडवरून आणलं. अक्का वाळल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळं उंबरा पायानं चाचपत आल्या. हातात एक गाठोडं, ते त्यांनी कुणाला धरू दिलं नाही. पाय धुतले, चूळ भरली, आणि कुणाची विचारपूस न करता थेट देवापुढं जाऊन बसल्या. नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी परातीवरून हळूच तळवा फिरवला. कोंब हाताला लागले आणि हात तिथंच थांबला.

"उगवलं कसं?" अक्का म्हणाल्या.

प्रमोदिनीच्या ओठावर गारव्याचं वाक्य आलं होतं. सातव्या माळेला एवढंच कसं, असं अक्का विचारतील, असं तिनं धरलं होतं. त्यांनी भलतंच विचारलं. त्यांना मातीच रिकामी हवी होती की काय, असं तिच्या मनात आलं, पण तोवर तोंड उघडलं होतं आणि त्यातून खरंच बाहेर पडायला लागलं. तिनं सगळं सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी उकरलं ते, दाणे आंबले ते, गजराबाईची ज्वारी आणली ते, कुळाचार मोडला तो आपण मोडला, यांचा त्यात काही हात नाही. बोलून झाल्यावर ती मान खाली घालून उभी राहिली. मार्तंड दारात उभा होता.

अक्कांनी परातीवरचा हात काढून घेतला. मग त्यांनी मार्तंडला बाजारातून केळी आणायला पिटाळलं. तो गेल्यावर म्हणाल्या, "बस इथं. उभी राहू नकोस माझ्यापुढं."

प्रमोदिनी बसली.

"बियाची ज्वारी घरात होती. तू निघालीस त्या दिवशी विमलनं मला विचारलंही, घटाला दोन मुठी वेगळ्या बांधू का म्हणून. मी नको म्हटलं. पेवातली उगवत नाही, हे मला ठाऊक नसेल का?"

प्रमोदिनीला आधी ते उमगलंच नाही. मग उमगलं, आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तीन दिवस घशाखाली धड पाणी उतरलं नव्हतं. देवी आपल्याला टाकतेय या भीतीनं ती फरशीवर डोकं टेकून बसली होती. आणि हे सगळं या म्हाताऱ्या बाईनं जाणूनबुजून केलेलं. चार वर्षांत सासूपुढं तिचा आवाज वर गेला नव्हता, तो आता गेला.

"का, अक्का? मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"काहीच नाही," अक्का म्हणाल्या. "तू परत यावीस म्हणून केलं. विमल चांगली आहे, कामाला वाघ आहे, पण माझ्याशी कामापुरतं बोलते. दुपारी माझ्याजवळ बसणारी तू एकटी होतीस. तू गेलीस की मी एकटीच उरणार होते. सासूनं सुनेला, तू मला हवी आहेस, राहा, असं म्हणायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही ग. मला लाज वाटली. म्हणून देवीच्या आड लपले."

एवढं बोलून त्यांनी ते गाठोडं सोडलं. आत एक लुगडं होतं, आणि लुगड्यात फडक्याची पुरचुंडी. पुरचुंडीत दोन मुठी ज्वारी होती, पांढरीशुभ्र, आढ्यावरच्या कणसांची. महिनाभर झोप लागत नव्हती, म्हणाल्या, ही देवीपुढं ठेवून नाक घासणार होते. मग त्यांनी ती पुरचुंडी चाचपत प्रमोदिनीच्या मांडीवर ठेवली. ही तुझी होती, माझ्याकडं राहिली, एवढंच म्हणाल्या.

प्रमोदिनीचा राग गेला म्हणावं, तर तो काही लगेच गेला नाही. तीन दिवसांची तहान अशी तासाभरात फिटत नसते. पण भूमच्या त्या घरात, माणसांनी भरलेल्या ओसरीवर, ही बाई एकटी बसत होती, आणि आपण चार वर्षं तिच्या शेजारी बसूनही आपल्याला ते दिसलं नाही, याचंही तिला वाईट वाटलं. ती उठली, केळी यायची वाट न पाहता भगर टाकली, आणि अक्कांना दात नाहीत म्हणून चांगली मऊ शिजवली. दिवाळीनंतरचा विषय कुणी काढला नाही. तो काढायला आता उरलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. अक्कांना तुळजापूरची एस.टी. गाठायची म्हणून प्रमोदिनीनं पहाटेच पाणी तापवलं, तर अक्का अंथरुणात बसूनच म्हणाल्या, की मी जात नाही. काय तोंडानं जाऊ तिच्यापुढं? तुम्ही दोघं जाऊन या. लग्नानंतर गेला होतात तेव्हा पंधरा माणसं होती बरोबर, एकमेकांचं तोंड तरी दिसलं का तुम्हाला? दिव्याजवळ मी बसते. मार्तंडचा कानांवर विश्वास बसेना, तो आईकडं आणि बायकोकडं आळीपाळीनं बघायला लागला. प्रमोदिनीनं त्याला कोपरखळी मारली आणि नऊवारी नेसायला आत गेली.

दोघं निघाली. मार्तंड रस्त्यावर उतरला होता, आणि प्रमोदिनी चपला घालत होती, तोच आतून अक्कांची हाक आली. ती परत फिरली. अक्का परातीशेजारी मांडी घालून बसल्या होत्या, हातात पाण्याचं तांब्याभांडं, मान तिच्याकडं वर केलेली.

"पाणी किती घालतेस, ते सांगून जा," अक्का म्हणाल्या.

प्रमोदिनी बघतच राहिली. चाळीस वर्षं घट बसवलेली बाई तिला विचारत होती.

"ओंजळभर," ती म्हणाली. "कडेकडेनं."

"ओंजळभर, कडेकडेनं," अक्कांनी म्हणून पाहिलं. "बरं. आणि तुझ्या घरी माळ किती वाजता चढते?"